'मेमटेस्ट पास' हे वाक्य अर्धवट आहे



गेले दोन महिने इथे काही लिहिलं नाही. कुणी विचारलं तर 'थीसिसच्या कामात आहे' असं सांगत होते, आणि ते खोटं नव्हतं. फक्त काम पुढे जायच्या ऐवजी मागे चाललं होतं. एका प्रकरणातले आकडे चुकलेले निघाले आणि सगळी गणितं पुन्हा चालवावी लागली. चूक माझ्या कोडमध्ये नव्हती (या वेळी तरी!). ती आमच्या वर्कस्टेशनच्या रॅममध्ये होती. सेकंड हँड, पण 'टेस्टेड' रॅममध्ये.

आज मला दोन गोष्टींची चिकित्सा करायची आहे. पहिली म्हणजे रॅम तपासायला आपण सगळे जे वापरतो ते मेमटेस्ट. दुसरी म्हणजे रॅमच्या चुकांबद्दल बोलताना ज्याचा दाखला हटकून दिला जातो, तो २००९ सालचा गूगलचा शोधनिबंध. दोन्ही कामं चांगली आहेत, हे आधीच सांगते. पण दोन्हींमधून आपण जो अर्थ काढतो, तो त्यांनी सांगितलेलाच नसतो. आणि त्याची किंमत कधीकधी एका प्रकरणाएवढी असते.

काय झालं ते आधी

मी द्रवांचं सिम्युलेशन करते. काही हजार रेणू एका काल्पनिक पेटीत ठेवायचे, त्यांच्यातली बलं काढायची आणि न्यूटनच्या नियमांनी त्यांना थोडं थोडं पुढे सरकवत राहायचं. पेटीत बाहेरून काही येत-जात नसेल, तर एकूण ऊर्जा जवळपास स्थिर राहायला हवी. ती स्थिर आहे ना, हे बघणं ही आमची रोजची तपासणी.

वर्कस्टेशन जुनं, ग्रँट संपत आलेली, म्हणून डीडीआर४ च्या १६ जीबीच्या दोन स्टिक सेकंड हँड घेतल्या. दुकानदारांनी मोबाईलवर फोटो दाखवला, स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत 'पास'. "मॅडम, टेस्टेड माल आहे. सात दिवसांची चेकिंग वॉरंटी." मी काही आंधळा विश्वास ठेवला नाही. लॅबमध्ये आणून रात्रभर स्वतः मेमटेस्ट लावलं. ४ फेऱ्या, ० चुका. समाधानाने मशीन बंद करून लावलं कामाला.

मार्चमध्ये एकच इनपुट दोनदा चालवल्यावर उत्तरं किंचित वेगळी आली. मी दुर्लक्ष केलं. कारण अनेक कोअर मिळून बेरीज करतात तेव्हा बेरजेचा क्रम दर वेळी बदलतो, त्यामुळे शेवटचे दशांश हलतात, हे आम्हाला पहिल्या वर्षातच शिकवलेलं असतं. एप्रिलमध्ये एका रनमध्ये ऊर्जेने एकदम उडी मारली. मॅडमनी विचारलं, "ही उडी कसली गं?" मी म्हटलं, टाइम-स्टेप मोठी झाली असेल. ती कमी केली, उडी गेली. पुढच्या आठवड्यात परत आली. मग तीन आठवडे मी कोड खणत बसले. शेवटी लॅबमधला ज्युनिअर म्हणाला, "ताई, रॅम बदलून बघितलीस का?" मी जरा तोऱ्यातच सांगितलं, "रॅम टेस्ट केलेली आहे."

तरी पुन्हा मेमटेस्ट लावलं. मे महिना, दुपारची वेळ, लॅबचा एसी बंद पडलेला. सहाव्या फेरीत ३ चुका दिसल्या. तिन्ही एकाच पत्त्यावर, एकाच बिटमध्ये. स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकली, तर चूक स्टिकबरोबर गेली. दुसरी स्टिक एकटी लावली, रात्रभर काही नाही.

एका बिटने एवढं काय होतं, असं वाटेल. आम्ही वापरतो ती दशांश संख्या ६४ बिटांत साठवतात: १ बिट चिन्हाचा, ११ घातांकाचे, ५२ अपूर्णांकाचे. समजा संख्या १ आहे. शेवटचा बिट पलटला तर फरक दशांशाच्या सोळाव्या स्थानावर, म्हणजे कुणालाच कळणार नाही. अपूर्णांकाचा सगळ्यात वरचा बिट पलटला तर १ चे १.५ होतात. घातांकाचा सगळ्यात खालचा बिट पलटला तर १ चं ०.५ होतं. कॉम्प्युटर बंद पडत नाही, निळी स्क्रीन येत नाही, एररही येत नाही. रेणू जिथे असायला हवा तिथे नसतो, इतकंच. आणि त्या पत्त्यावर त्या रनमध्ये काही महत्त्वाचं नसेल, तर काहीच बिघडत नाही. मार्चमधला तो बारीक फरक खरंच बेरजेच्या क्रमाचा होता की रॅमचा, हे आता मला कधीच कळणार नाही.

रॅममध्ये बिघडतं काय

डीरॅमचा एक सेल म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर. कपॅसिटरमध्ये विद्युतभार आहे की नाही, यावरून ० की १ ते ठरतं. पण हा कपॅसिटर गळका असतो. म्हणून प्रत्येक ओळ साधारणपणे ६४ मिलिसेकंदांच्या आत एकदा वाचून पुन्हा भरावी लागते. याला रिफ्रेश म्हणतात. तापमान ८५ अंश सेल्सिअसच्या वर गेलं तर हे काम दुप्पट वेगाने करावं लागतं, कारण उष्णतेने गळती वाढते.

१६ जीबीच्या स्टिकमध्ये असे सुमारे १३,७०० कोटी सेल असतात. त्यातले काही कायमचे ० वर किंवा १ वर अडकतात. काही शेजाऱ्याच्या हालचालीने पलटतात. कधी पत्ता ओळखणारं सर्किटच बिघडतं आणि एका पत्त्यावर लिहिलेलं दुसऱ्याच पत्त्यावर जातं. काही सेल नुसते अशक्त असतात, म्हणजे एरवी ठीक, पण उन्हाळ्यात ६४ मिलिसेकंद तग धरू शकत नाहीत. माझ्या स्टिकमधला सेल बहुधा या शेवटच्या जातीचा.

यात वापरलेल्या रॅमची भर म्हणजे संपर्काचे दोष. सोनेरी पट्ट्यांवर धूळ, बोटांचं तेल, स्लॉटमध्ये नीट न बसणं. आपल्याकडे कॉम्प्युटर चालू झाला नाही की पहिला उपाय म्हणजे रॅम काढून खोडरबरने घासणे. हसू नका, तो उपाय पुष्कळदा बरोबर असतो! फक्त अशा दोषाची खूण वेगळी असते. संपर्क खराब असेल तर खूप पत्त्यांवर तोच बिट चुकतो, कारण ती आख्खी तारच नीट जोडलेली नसते. सेल अशक्त असेल तर एकाच पत्त्यावर चूक येते. म्हणून किती चुका आल्या यापेक्षा कुठे आल्या हे आधी बघावं.

मेमटेस्ट काय करतं, आणि ते चांगलं का आहे

मेमटेस्ट८६ मूळ लिहिलं ते क्रिस ब्रेडी यांनी, १९९० च्या दशकात. पुढे त्याच्या दोन शाखा झाल्या. 'मेमटेस्ट८६' २०१३ पासून पासमार्क ही कंपनी सांभाळते. 'मेमटेस्ट८६+' हा मुक्त सोर्सचा प्रकल्प २००४ मध्ये सॅम्युएल देमेलेमेस्टर यांनी सुरू केला आणि २०२२ मध्ये त्याची नव्याने लिहिलेली ६ वी आवृत्ती आली. दोन्ही पेन ड्राइव्हवरून ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय चालतात, त्यामुळे जवळपास सगळी रॅम त्यांच्या ताब्यात येते.

आतली कल्पना साधी आहे. सगळीकडे ० लिहा. मग पहिल्या पत्त्यापासून वर जात प्रत्येक ठिकाणी ० आहे का बघा आणि तिथे १ लिहा. मग वरून खाली येत १ आहे का बघा आणि ० लिहा. असं वर-खाली करत राहिलं की अडकलेले सेल सापडतात, पत्त्यांचा घोळ सापडतो, शेजाऱ्याचा त्रासही बऱ्यापैकी सापडतो. या पद्धतींना मार्च टेस्ट म्हणतात. त्यातल्या एका प्रसिद्ध टेस्टमध्ये प्रत्येक सेलमागे फक्त १० क्रिया लागतात.

'फक्त' का म्हटलं ते बघा. प्रत्येक सेलचा प्रत्येक दुसऱ्या सेलवर होणारा परिणाम तपासायचा असं ठरवलं, तर १३,७०० कोटींचा वर्ग एवढ्या क्रिया लागतील. एका क्रियेला १० नॅनोसेकंद धरले, तरी हे काम साधारण ६० लाख वर्षं चालेल. म्हणजे संपूर्ण टेस्ट ही गोष्टच शक्य नाही. प्रत्येक टेस्ट ही कोणते दोष शोधायचे आणि कोणते सोडायचे याची निवड असते. मेमटेस्टची निवड समंजस आहे, आणि ते फुकट आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार कुठे आहे

पहिली गोष्ट. स्क्रीनवर आपल्याला ०१०१०१०१ असा नमुना लिहिल्याचं दिसतं आणि वाटतं की शेजारी-शेजारी सेलमध्ये तसंच लिहिलं गेलं. तसं नसतं. चिपच्या आत पत्त्यांची मांडणी उत्पादक आपल्या सोयीने फिरवतो, त्यामुळे लागून असलेले पत्ते प्रत्यक्षात लागून असतीलच असं नाही. काही ओळींमध्ये भरलेला कपॅसिटर म्हणजे १, तर काहींमध्ये भरलेला म्हणजे ०. त्यात बऱ्याच आधुनिक प्रोसेसरांचा मेमरी कंट्रोलर पाठवायच्या आधी डेटाच विस्कटतो, तारांवरचा विद्युतभार समतोल राहावा म्हणून. म्हणजे आपण मोजूनमापून निवडलेला 'सगळ्यात त्रासदायक' नमुना सेलपर्यंत पोचतो तेव्हा तो भलताच काहीतरी झालेला असतो. टेस्ट निरुपयोगी होत नाही, पण तिच्या यादीतल्या नावांवर शब्दशः विश्वास ठेवता येत नाही.

दुसरी गोष्ट. डीरॅमची ओळ वाचली किंवा तिच्यात लिहिलं की ती आपोआप ताजी होते. म्हणजे टेस्ट जितकी जोरात धावते, तितकी ती अशक्त सेलना नकळत मदतच करते! यावर उपाय म्हणून 'बिट फेड' ही टेस्ट आहे. नमुना लिहायचा, काही मिनिटं गप्प बसायचं, मग वाचायचं. माझ्या मते वापरलेल्या रॅमसाठी ही यादीतली सगळ्यात कामाची टेस्ट आहे, आणि नेमकी हीच कंटाळवाणी म्हणून लोक मध्येच थांबवतात.

तिसरी गोष्ट तापमानाची आणि वेळेची. काही सेल दोन अवस्थांमध्ये उड्या मारतात. कधी नीट भार धरून ठेवतात, कधी पटकन गळतात, आणि हा बदल केव्हा होईल याचा नेम नसतो. शास्त्रज्ञांना हे १९८० च्या दशकापासून माहीत आहे. अशा सेलला तुम्ही कोणत्या क्षणी गाठता यावर निकाल ठरतो.

चौथी गोष्ट वेगाची. स्टिकवर ३२०० लिहिलेलं असतं, पण बायोसमध्ये काही न बदलता लावली की ती बऱ्याचदा २१३३ किंवा २४०० वर चालते. त्या वेगाला 'पास' झालेली स्टिक ३२०० ला पास होईलच असं नाही. फोटोत 'पास' हा शब्द मोठा असतो आणि वेग कोपऱ्यात बारीक अक्षरांत.

आणि डीडीआर५ वाल्यांसाठी पाचवी. त्या चिपच्या आतच चूक-दुरुस्ती असते. १२८ बिटांमागे ८ जादा बिट ठेवून एका बिटाची चूक चिप परस्पर सुधारते. वापरणाऱ्यासाठी हे छानच, पण साध्या टेस्टला ती चूक दिसत नाही. अशक्त सेल असलेली स्टिक ऐटीत पास होते, आणि त्याच गटातला दुसरा सेल बिघडेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

चार फेऱ्या म्हणजे किती

आता थोडं गणित. एखादा दोष सरासरी दर दोन फेऱ्यांत एकदा दिसतो असं धरा. ४ फेऱ्यांत तो एकदाही न दिसण्याची शक्यता १६ मध्ये १, म्हणजे सुमारे ६ टक्के. ठीक आहे. पण दोष दहा फेऱ्यांत एकदा दिसणारा असेल तर? ४ फेऱ्यांत तो निसटण्याची शक्यता ६६ टक्के. म्हणजे माझं ते रात्रभराचं समाधान अशा दोषापुरतं नाण्याच्या छापा-काट्यापेक्षाही वाईट होतं.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. उदाहरणासाठी धरून चाला की टेस्ट दहापैकी ३ सदोष स्टिक सोडून देते, आणि चांगल्या स्टिकना कधीच नापास करत नाही. एका दुकानात १०० स्टिक आल्या, एका ऑफिसने अपग्रेड करताना काढलेल्या. त्यात १० सदोष आहेत. पास होतील ९३, त्यातल्या सदोष ३, म्हणजे साधारण ३ टक्के. दुसऱ्या दुकानात १०० स्टिक आल्या बिघडलेल्या मशीनच्या भंगारातून. त्यात ४० सदोष. पास होतील ७२, त्यातल्या सदोष १२, म्हणजे जवळपास १७ टक्के. टेस्ट तीच, स्क्रीनवरचा शब्द तोच. अर्थ मात्र पाचपट वेगळा, आणि तो ठरला टेस्टच्या आधी, माल कुठून आला यावर.

हे आकडे मी समजावण्यासाठी धरलेले आहेत. पण मुद्दा खरा आहे. दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न 'टेस्ट केलीय का?' हा नव्हे. 'कुठल्या मशीनमधून काढली आणि का काढली?' हा आहे. मी तो विचारलाच नव्हता.

गूगलचा तो ८ टक्क्यांचा आकडा

रॅमबद्दल इंटरनेटवर काही वाचलंत तर 'दर वर्षी ८ टक्के रॅम खराब होते' हे वाक्य कुठे ना कुठे भेटतंच. ते येतं बियांका श्रोडर, एदुआर्दो पिन्हेरो आणि वोल्फ-डिट्रिख वेबर यांच्या 'डीरॅम एरर्स इन द वाइल्ड' या २००९ च्या शोधनिबंधातून. गूगलच्या सर्व्हरांमधली अडीच वर्षांची नोंद त्यांनी तपासली. तोवर बहुतेक माहिती प्रयोगशाळेतली होती, म्हणून या कामाचं महत्त्व मोठं आहे.

पण आकडा नीट वाचा. वर्षभरात किमान एक *दुरुस्त करता आलेली* चूक दिसली अशी मॉड्यूल ८ टक्क्यांहून जास्त. दुरुस्त न करता आलेली चूक दिसलेली मॉड्यूल वर्षाला ०.२२ टक्के. पहिला आकडा 'खराब झाली' असा नव्हेच. ही सगळी ईसीसी असलेली सर्व्हरची रॅम, म्हणजे चूक दिसली, नोंदली गेली, सुधारली गेली आणि काम चालू राहिलं. आपल्या डेस्कटॉपमध्ये ईसीसी नसते. तिथे त्याच चुकीची नोंदही होत नाही आणि दुरुस्तीही. त्यामुळे हा आकडा एकाच वेळी भीती वाढवायलाही चुकीचा आहे आणि धीर द्यायलाही.

वापरलेल्या रॅमच्या दृष्टीने त्यात दुसरा एक निष्कर्ष आहे, जो फारसा कुणी सांगत नाही. दुरुस्त होणाऱ्या चुकांचं प्रमाण वापराच्या साधारण १० ते १८ महिन्यांनंतर वाढायला लागतं. त्याच वेळी दुरुस्त न होणाऱ्या चुका वयाबरोबर कमी होताना दिसतात. म्हणजे जुनी रॅम सुधारते का? नाही. अशी चूक आली की गूगल ते मॉड्यूल बदलून टाकत असे. उरलेली म्हातारी मॉड्यूल ही तावून-सुलाखून निघालेली. आणि बदलून टाकलेल्या रॅमचं पुढे काय होतं, हा प्रश्न सेकंड हँड घेणाऱ्याने स्वतःला विचारावा.

या निबंधावर एक गंभीर आक्षेप नंतर आला, आणि तो मला पटतो. एकच बिघडलेला सेल दिवसात हजारो वेळा वाचला गेला तर हजारो चुका नोंदल्या जातात, पण दोष एकच असतो. चुका मोजायच्या की दोष? विलास श्रीधरन आणि डीन लिबर्टी यांनी २०१२ मध्ये ओक रिजच्या 'जग्वार' या महासंगणकाच्या ११ महिन्यांच्या नोंदी दोष धरून तपासल्या. कायमचे दोष क्षणिक दोषांपेक्षा जास्त, हे त्यांनाही दिसलं, पण आधीच्या अभ्यासांत म्हटलं होतं तितकं जास्त नाही.

मग उरतं काय? दोन्ही निबंधांत टिकलेली गोष्ट: रॅमच्या चुकांमध्ये कायमच्या दोषांचा वाटा मोठा आहे. पूर्वी समज असा होता की बहुतेक चुका किरणांमुळे होतात. त्याला आधारही होता. इंटेलमधल्या मे आणि वुड्स यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी दाखवलं होतं की चिपच्या वेष्टनातल्या किरणोत्सारी अंशांमधून निघालेले अल्फा कण बिट पलटवतात. पण कण येतो आणि जातो, तोच पत्ता पुन्हा पुन्हा गाठत नाही. श्रोडर यांच्याच गटाच्या २०१२ च्या एका निबंधाचं नावच 'कॉस्मिक रेज डोन्ट स्ट्राइक ट्वाइस' असं आहे. माझ्या ३ चुका एकाच पत्त्यावर होत्या, त्यामुळे आकाशाकडे बोट दाखवायची सोय राहिली नाही.

आणि इथेच मेमटेस्टला खरा आधार मिळतो. दोष कायमचे असतात म्हणूनच ते शोधण्यात अर्थ आहे. चुका नुसत्या किरणांच्या असत्या तर टेस्ट करणं म्हणजे काल पाऊस पडला का ते आज छत्री उघडून बघण्यासारखं झालं असतं.

एक गोष्ट मात्र माझ्या अनुभवाशी जुळत नाही. गूगलच्या नोंदींत, बाकीच्या गोष्टी लक्षात घेतल्यावर, तापमानाचा परिणाम आश्चर्य वाटावं इतका कमी निघाला. माझी स्टिक तर मेच्या दुपारी सापडली! माझ्या मते यात विरोध नाही. डेटा सेंटर थंड ठेवलेलं असतं, आणि हजारो मॉड्यूलची सरासरी एका काठावरच्या सेलबद्दल काही सांगत नाही. पण हेही कबूल करते की माझ्याकडे एकच स्टिक आणि एकच दुपार आहे. सहाव्या फेरीत चूक दिसली ती उष्णतेने की नुसत्या जास्त फेऱ्यांमुळे, हे त्या एका प्रयोगातून सांगता येत नाही.

आता मी काय करते

ही काही प्रमाणित पद्धत नव्हे. पण दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगाचा साधा नियम त्यात आहे.

आधी पट्ट्या साफ करून स्टिक नीट बसवते, म्हणजे संपर्काचा दोष सेलच्या नावावर जात नाही. स्टिकवरचं लेबल आणि मशीन वाचतं ती माहिती जुळते का बघते. ही माहिती स्टिकवरच्या छोट्या चिपमध्ये असते आणि ती बदलता येते. मग एका वेळी एकच स्टिक, प्रत्येक वेळी त्याच स्लॉटमध्ये. वेग पुढे वापरणार तोच. बिट फेड सोडत नाही. एक रात्र थंडीत आणि एक दुपार कॅबिनेट बंद करून. हेअर ड्रायर मारणारे लोक आहेत. मारू नका. किती तापलं हे मोजलेलं नसतं, त्यामुळे निकाल काहीही आला तरी त्याचा अर्थ लावता येत नाही.

चूक आली तर लगेच स्टिक फेकत नाही. स्लॉट बदलते, वेग उतरवते, दुसऱ्या मशीनमध्ये लावते. चूक स्टिकबरोबर फिरली तर दोष स्टिकचा. स्लॉटवरच राहिली तर मदरबोर्डचा. असे कितीतरी निर्दोष जीव उगाच भंगारात गेले असतील.

आणि सगळ्यात शेवटची टेस्ट मेमटेस्ट नाही. माझंच एक छोटं गणित, एकाच कोअरवर, म्हणजे बेरजेचा क्रम बदलणार नाही. तेच इनपुट रोज रात्री एकदा, आणि उत्तर शेवटच्या बिटापर्यंत तेच यायला हवं. आलं नाही तर दुसऱ्या दिवशीचं काम थांबतं. ही सवय मी आधी लावली असती तर मार्चमधला तो फरक मार्चमध्येच सापडला असता.

शेवटी

माझ्या ९ रनपैकी २ बदलले. एक आकृती आम्ही एका सहलेखकांना पाठवून झाली होती. ती मागे घेणारा ईमेल मी चार वेळा लिहिला आणि खोडला. शेवटी मॅडम म्हणाल्या, "अगं, पाठव. लपवलेली चूक जास्त महाग पडते." पाठवला. उत्तर आलं ते दोन ओळींचं आणि चांगलं.

दुकानात परत गेले होते. वॉरंटीची मुदत केव्हाच उलटलेली, त्यामुळे पैसे मिळायचा प्रश्न नव्हता. मी फक्त ३ चुकांचा फोटो दाखवला. त्यांनी नीट बघितला आणि विचारलं, "मॅडम, माझ्याकडे टेस्टिंगचं एकच मशीन. दिवसाला वीस स्टिक येतात. किती वेळ लावायची एकेक?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी फसवलं नव्हतं. त्यांच्या मशीनवर, त्यांच्या वेगाला, तेवढ्या वेळात ती खरंच पास झाली होती.

म्हणून मी एवढंच सुचवलं की फोटोबरोबर चार गोष्टी स्टिकरवर लिहा: तारीख, वेग, किती फेऱ्या, कुठल्या मशीनमधून काढली. लिहितील की नाही माहीत नाही. आमच्या लॅबमधल्या दोन स्टिकवर मात्र आता तसे स्टिकर आहेत. चांगल्या स्टिकवर लिहिलंय: '३२००, २२ फेऱ्या, बिट फेडसह, मे, चूक आढळली नाही.' दुसरीवर पत्ता आणि बिट लिहून ठेवलाय. लिनक्सला तेवढा भाग वगळायला सांगता येतं, त्यामुळे ती फेकली नाही. डिपार्टमेंटच्या ज्या मशीनवर फक्त हजेरी टाइप होते, तिथे ती मजेत चालू आहे. गणितासाठी मात्र तिला पुन्हा घेणार नाही.

पुढच्या वेळी कुणी तुम्हाला 'मेमटेस्ट पास' म्हणाला तर भांडू नका. फक्त वाक्य पूर्ण करून मागा.